घरचा फराळ आणि घरचे शब्द



दसरा सरला की गावातल्या पिठाच्या गिरणीवर एक वाक्य हमखास कानी पडते. डबा खाली ठेवता ठेवता बाई गिरणीवाल्याला बजावते, "चकलीची भाजणी आहे हो, गव्हावर घालू नका. हरभऱ्यावर दळा." गिरणीवाला मान डोलावतो, वर्षानुवर्षे तो हे ऐकत आलेला असतो. गव्हावर दळली तर काय होते असे त्या बाईला कुणी विचारले, तर ती म्हणेल, "चकली बिघडते." कशाने बिघडते हे तिला सांगता येईलच असे नाही, पण तिचे म्हणणे सोळा आणे खरे आहे. गव्हाच्या पिठात पाणी पडून ते मळले गेले की त्यात एक चिवट, ताणला जाणारा पदार्थ तयार होतो. त्याच्याच जोरावर पोळी लाटता येते आणि फुगते. चकलीला मात्र तो चिवटपणा नको असतो. गिरणीच्या दगडांत राहिलेले ओंजळभर गव्हाचे पीठ भाजणीत उतरले, की खुसखुशीतपणाला तेवढा बाध येतो. एका ओळीच्या त्या सूचनेत धान्याची एवढी पारख भरलेली आहे.

मी मराठी भाषा शिकवणारा माणूस. पाकशास्त्रातला अधिकार तुमच्या घरातल्या आईकडे, आजीकडे, काकूकडे आहे. तो मी सांगू जाणार नाही. मला बोलायचे आहे ते दिवाळीच्या फराळाबरोबर घरात वावरणाऱ्या शब्दांविषयी. हे शब्द नुसते बोलण्यातले नाहीत. ते मापे आहेत, सूचना आहेत, आणि पुष्कळदा एखाद्या प्रयोगाचे निष्कर्षही आहेत.

फराळ हाच शब्द पाहा ना. तो आला फलाहारापासून. उपवासाच्या दिवशी फळे, कंदमुळे खाऊन राहावे, तो फलाहार. त्याचा झाला फराळ. पुढे उपवास मागे पडला आणि शब्द राहिला. आज तोच शब्द कढईभर तेलात सुखाने पोहत असतो! करंजी हे नाव करंजाच्या शेंगेवरून पडले. ज्यांच्या गावात ओढ्याकाठी करंजाचे झाड आहे त्यांनी शेंग हातात घेऊन पाहावी. नाव ठेवणाऱ्याने फारसा विचार केला नसेल, एवढे साम्य आहे.

पण नावांपेक्षा मला विशेषणे महत्त्वाची वाटतात. चकली चांगली झाली तर आपण तिला खुसखुशीत म्हणतो. चिवडा असतो कुरकुरीत. शंकरपाळे बिघडले तर कडक होते आणि करंजीचे आवरण बिघडले तर वातड. बेसनाचा लाडू रवाळ व्हावा लागतो. हे शब्द एकमेकांच्या जागी चालत नाहीत. खुसखुशीत म्हणजे दाताखाली सहज मोडणारे आणि मोडल्यावर तोंडात विरणारे. कुरकुरीत म्हणजे मोडताना आवाज करणारे. कडक म्हणजे दातांची परीक्षा पाहणारे. वातड म्हणजे मोडतच नाही, नुसते ताणले जाते ते. असा नेमका फरक करायचा तर त्यामागे कितीतरी पिढ्यांनी खाऊन पाहिलेले, बिघडवून पाहिलेले आणि पुन्हा करून पाहिलेले असले पाहिजे.

खुसखुशीतपणा येतो मोहनाने. पिठात कडकडीत तेल किंवा तूप घालून ते चोळायचे, म्हणजे मोहन घालायचे. स्निग्ध पदार्थाचा पातळ लेप पिठाच्या कणाकणावर बसला की पाणी त्या कणांपर्यंत सहजी पोचत नाही आणि मघाशी सांगितलेला गव्हाचा चिवट धागा तयार होण्याला अडथळा येतो. मोहन किती असावे? जाणत्या बायका सांगतात, पीठ मुठीत दाबले की मुटका वळला पाहिजे आणि बोटाने टोकरला की भुगा झाला पाहिजे. यात ना वजन आहे ना वाटी; तरी शंकरपाळ्याच्या बाबतीत हे माप चुकत नाही. कारण मैदा जुना असो की नवा, हवा दमट असो की कोरडी, मूठ त्या दिवशीच्या पिठाला विचारते. छापील कृतीला त्या दिवशीचे पीठ ठाऊक नसते.

आता तळणीकडे वळू. तेल तापले की नाही हे पाहायला पिठाची एक छोटी गोळी आत सोडतात. ती तळाशी बसून राहिली तर तेल थंड आहे. बुडबुडे काढत बेताने वर आली तर ठीक. सोडताक्षणी वर उसळून लाल झाली तर तेल फार तापले. पाणी शंभर अंशांना उकळते आणि तळणीचे तेल साधारण दीडशे ते एकशे ऐंशी अंशांपर्यंत तापलेले असते. म्हणून ओले पीठ तेलात पडले की त्यातल्या पाण्याची वाफ होऊन धडपडत बाहेर निघते. आपल्याला जे बुडबुडे दिसतात आणि जो चुर्र असा आवाज ऐकू येतो, तो या वाफेचा. "बुडबुडे कमी झाले की चकली काढ," असे आई मुलीला सांगते तेव्हा ती सांगत असते की पाणी बहुतेक संपले. पाणी संपले म्हणजे कुरकुरीतपणा आला. रंग पाहून चकली काढणारा फसतो. आवाज ऐकून काढणारा फसत नाही. आच मोठी ठेवली तर बाहेरून रंग येतो, आत ओल राहते, आणि रात्री कुरकुरीत असलेली चकली सकाळी मऊ पडते. दोष मग उगाच डब्याच्या झाकणाला दिला जातो.

झाकणाचा दोष कधीकधी असतोही. त्यासाठी आपल्याकडे काय सुंदर क्रियापद आहे! सादळणे. कोरडा पदार्थ हवेतली ओल शोषून मऊ पडला, म्हणजे सादळला. पापड सादळतो, चिवडा सादळतो, काड्यापेटीसुद्धा सादळते. शिजवल्याने किंवा भिजवल्याने आलेल्या मऊपणाला हा शब्द कुणी लावणार नाही.

चकलीची भाजणी घरोघर निराळी. पण सर्वसाधारणपणे चार वाट्या तांदूळ, दोन वाट्या हरभऱ्याची डाळ, एक वाटी उडदाची डाळ, अर्धी वाटी मुगाची डाळ, आणि धने-जिरे, असा मेळ धरतात. धान्ये धुऊन, सावलीत कोरडी करून, निरनिराळी भाजायची. एकत्र भाजली तर मुगाची डाळ करपेल आणि तांदूळ कच्चा राहील. यात कुरकुरीतपणा देतो तांदूळ, चव देते हरभऱ्याची डाळ, आणि सर्वांना धरून ठेवतो उडीद. भाजणी फार भाजली तर हा धरून ठेवणारा गुण कमी होतो आणि सोऱ्यातून पडतानाच चकलीचे तुकडे होतात. पाणी उकळून त्यात मीठ, तिखट, तीळ आणि वाटीला मोठा चमचाभर तेल घालायचे. जितकी भाजणी तितकेच किंवा किंचित कमी पाणी. मग भाजणी घालून झाकून ठेवायची. ही झाली उकड. मोहन जास्त पडले तर चकली तेलात विरघळू लागते, कमी पडले तर कडक होते. चकलीला काटा सुरेख आला तर पीठ बरोबर मळले गेले असे समजावे.

सोऱ्या दाबणे हे मात्र, माझ्या मते, पुरुषांचे काम आहे. घट्ट उकडीने भरलेला पितळी सोऱ्या दोन तास दाबल्यावर तळहाताची काय अवस्था होते, हे ज्याने एकदा अनुभवले तो चकल्यांना नावे ठेवणार नाही. लग्नकार्यातल्या मोठ्या चुलींवर पुरुष आचारी पूर्वापार उभे राहत आले. तेव्हा घरातल्या चुलीपाशी कर्त्या मुलाने बसले तर कुळाला बट्टा लागण्याचे कारण नाही.

शब्दांच्या दृष्टीने सर्वांत गमतीचा पदार्थ म्हणजे अनारसा. तो बिघडला की हसतो! तुपात सोडल्यावर त्याच्या चिंधड्या होऊन तो पसरला, की बायका म्हणतात, "अगबाई, हसला!" करणारीला रडू यावे अशा प्रसंगाला हसण्याचे नाव कुणी दिले कोण जाणे, पण ते नाव बसले खरे. अनारशासाठी जुना तांदूळ तीन दिवस भिजवतात आणि रोज पाणी बदलतात. तांदूळ किंचित आंबतो, मऊ होतो. चौथ्या दिवशी निथळून फडक्यावर सावलीत पसरायचा, अंगचा ओलावा थोडा राहिला असतानाच कुटायचा आणि बारीक चाळायचा. मग पिठाच्या वजनाइतका किंवा थोडा कमी गूळ किसून घालायचा, चमचाभर तूप घालायचे, आणि गोळे घट्ट झाकणाच्या डब्यात पाच ते आठ दिवस ठेवून द्यायचे. या मुदतीत गूळ पिठातली ओल ओढून घेतो, विरघळतो आणि कणाकणांत भिनतो. तूप बेताच्या आचेवर ठेवून, खसखशीवर थापलेला अनारसा खसखशीची बाजू वर करून सोडायचा आणि उलटायचा नाही. झाऱ्याने वरून तूप उडवत राहायचे, म्हणजे जाळी पडते. गूळ किंवा ओल जास्त झाली तर तो हसतो. अशा वेळी तांदळाची थोडी पिठी मिसळावी. पीठ कोरडे पडले तर थोडे केळे कुस्करून किंवा दुधाचा हात लावून मळावे. अधिक महिन्यात जावयाला तेहतीस अनारशांचे वाण देण्याची चाल अनेक घरांत आहे. २०२३ साली अधिक श्रावण आला तेव्हा कितीतरी घरांतून ही तेहतीसची संख्या दुकानातून पुरी करण्यात आली. जावईबापूंची त्याबद्दल तक्रार नसावी.

लाडवाचे शास्त्र पाकात आहे. साखरेचे पाणी उकळू लागले की पाणी उडत जाते, साखरेचे प्रमाण वाढत जाते, आणि त्याबरोबर पाकाचे तापमानही चढत जाते. आपल्या घरात तापमापक नव्हता. म्हणून दोन बोटांमध्ये थेंब धरून तार पाहायची. एकतारी, दोनतारी, गोळीबंद, या त्या तापमापकावरच्या रेघाच म्हणा. रव्याच्या लाडवाला एकतारी पाक पुरतो. एक तार ओलांडून पाक पुढे गेला की लाडू फोडायला अडकित्ता शोधावा लागतो. पाकातल्या चिरोट्यांसाठी केलेल्या पाकात लिंबू पिळतात, तेही चवीपुरते नाही. आंबटामुळे थोड्या साखरेची फोड होऊन ती निराळ्या दोन साखरांत बदलते, आणि मग पाक पुन्हा खडीसाखरेसारखा जमून बसत नाही.

हे सगळे इतक्या तपशिलाने का सांगितले? माझ्या वर्गातल्या एका मुलीने सांगितलेली हकीकत ऐका. तिच्या आजीच्या चकल्या अख्ख्या आळीत नावाजलेल्या. आजी लिहिती-वाचती होती, आणि तिने एका वहीत सगळ्या फराळाच्या कृती उतरवून ठेवल्या होत्या. आजी गेली. पहिल्या दिवाळीला घरात फराळ झाला नाही. दुसऱ्या वर्षी सून आणि नात वही उघडून बसल्या. चकलीच्या पानावर डाळी, तांदूळ सगळे होते. पुढे एकच ओळ होती: "उकड नेहमीसारखी काढावी." ती नेहमीची उकड कशी, हे आता सांगणार कोण? तीनदा पीठ मळले, तीनदा चकल्या तुटल्या. चौथ्यांदा ठीक झाल्या. पण घरातल्या सगळ्यांना कळले की या आजीच्या नव्हेत. ती मुलगी मला म्हणाली, "सर, आजी दहा वर्षं माझ्यासमोर उकड काढत होती. मी एकदासुद्धा भांड्यात डोकावून पाहिलं नाही." यावर मी काय बोलणार?

जुन्या वह्यांची आणखी एक अडचण आहे. त्यांतली मापे मेली. शेर, पायली, पावशेर, नवटाक, चिपटे. १९५६ साली मेट्रिक वजनमापांचा कायदा झाला, १९५८ पासून नवी वजने टप्प्याटप्प्याने बाजारात आली, आणि पुढच्या काही वर्षांत जुनी अडगळीत गेली. शिवाय गावागणिक पायली बदलत असे, ते वेगळेच. आजची मुलगी "नवटाक तूप" वाचून थांबते. शेराचा आठवा भाग, हे तिला सांगायला घरात कुणी नसेल तर ती ओळ फुकट गेली. कमलाबाई ओगले यांचे 'रुचिरा' १९७० साली निघाले आणि घरोघर पोचले, त्याचे एक मोठे कारण हे की त्यांनी वाटी आणि चमचा ही मापे धरली. नवी सून असो की परगावी शिकणारा मुलगा, वाटी सगळ्यांजवळ असते.

येथे कुणी म्हणेल, "पण ही सगळी परंपरा आहे, ती जशीच्या तशी जपली पाहिजे." मला हे पटत नाही. जशीच्या तशी ती कधीच नव्हती. कल्याणीच्या चालुक्यांचा राजा तिसरा सोमेश्वर याने बाराव्या शतकात 'मानसोल्लास' हा संस्कृत ग्रंथ रचला. त्यात मांडे, पोळी, वडे यांच्या पूर्वजांची वर्णने आहेत. पण त्यात मिरचीचे नाव नाही, असणे शक्यही नव्हते. मिरची आणि भुईमूग ही दोन्ही मूळची अमेरिका खंडातली. पोर्तुगीजांच्या येण्यानंतर ती आपल्याकडे रुजली. म्हणजे चकलीतले लाल तिखट आणि चिवड्यातले शेंगदाणे हे आपल्या घरातले तसे अलीकडचे पाहुणे. साखरेचेही तेच. खेड्यात गोड म्हणजे गूळ, ही समजूत पुष्कळ काळ होती. १९५०-५१ च्या हंगामात प्रवरानगरचा सहकारी कारखाना सुरू झाला, त्याच्यामागून गावोगाव कारखाने उभे राहिले आणि साखर शेतकऱ्याच्या दारात आली. तेव्हा कुणी ओव्हनमध्ये चकली भाजून पाहत असेल तर पाहू द्यावी. सुधारणा करणाऱ्याला मूळ मात्र माहीत असावे.

विकतच्या फराळावर तोंडसुख घेण्याचीही मला इच्छा नाही. घरात माणसे कमी, बाईला नोकरी, वयामुळे हात चालत नाहीत. अशा घराने फराळ विकत आणला तर त्यात कमीपणा कसला? आणि तो करणारी बहुधा कुणी बाईच असते. १९५९ साली मुंबईत गिरगावात सात बायकांनी ऐंशी रुपये उसने घेऊन पापड लाटायला सुरुवात केली आणि त्यातून 'लिज्जत'चा केवढा पसारा झाला, हे तुम्ही जाणताच. आज तालुक्याच्या गावी बचत गटातल्या बायका दिवाळीचा फराळ करून विकतात, आणि पूर्वी ज्या कामाला कुणी मोल देत नसे त्याचे रोख पैसे घरी नेतात. माझी विनंती एवढीच, की लाडू विकत आणा, चिवडा आणा, हवे तर करंज्याही आणा. पण एक पदार्थ घरी करा, आणि तो करताना मुले आसपास असू द्या. सगळेच डबे बाहेरून आले, तर काटा आला, पाक चढला, अनारसा हसला, हे शब्द मुलांच्या कानांवर पडणार तरी कुठे? कोशात ते सापडतील. पण पाक चढणे म्हणजे काय हे कोश वाचून कळत नाही.

शिक्षक बंधुभगिनींना थोडे स्वतंत्रपणे सांगतो. दिवाळीच्या सुट्टीत आपण मुलांना निबंध देतो, "आमची दिवाळी". त्याऐवजी एखाद्या वर्षी असे करून पाहा. प्रत्येक मुलाने, आणि प्रत्येक म्हटले म्हणजे मुलग्यांनीसुद्धा, घरातल्या थोरांकडून एका पदार्थाची कृती लिहून आणायची. 'अंदाजाने', 'बेताने', 'नेहमीसारखे' हे तीन शब्द कृतीत आले तर वही परत! आजी मूठभर म्हणाली तर तिच्याच मुठीने वाटीत घालून मोजायचे. ती ज्या शब्दांत सांगेल ते शब्द तसेच टिपायचे. मालवणातली आजी आणि यवतमाळातली आजी एकाच गोष्टीला निराळे शब्द वापरतील. गोव्यात आणि कोकणात नरकचतुर्दशीच्या सकाळी चकली-लाडवापेक्षा पोह्यांचा मान मोठा. तिथल्या मुलांनी पोह्यांचे प्रकार लिहावेत.

विज्ञानाच्या तासालाही यातून काम मिळते. पातळ पोहे उन्हात ठेवण्याआधी आणि नंतर तोलून पाहा, किती पाणी गेले ते कळेल. एकाच वेळी तळलेल्या दोन चकल्या घ्या, एक बंद डब्यात, एक उघड्यावर. रोज तोला आणि आकडे फळ्यावर लिहा. सादळणे या शब्दाचा अर्थ वजनात दिसेल. त्यासाठी काटा मात्र बारीक वजने दाखवणारा हवा. एक वाटी रवा, एक वाटी बेसन, एक वाटी साखर, यांची वजने सारखी भरतात का, हेही मुलांना तोलू द्या; कृतीत वाटी की ग्रॅम, हा वाद त्यांचा तेच सोडवतील.

आणि ज्या घरांत यंदा अनारसे व्हायचे आहेत त्यांनी दिवस मोजून घ्यावेत. कोजागिरीपासून लक्ष्मीपूजनापर्यंत साधारण पंधरा दिवस मिळतात. तांदूळ भिजण्याचे तीन, निथळून कुटण्याचा एक, पीठ मुरण्याचे पाच ते आठ. कोजागिरीचे दूध आटोपले की दुसऱ्या दिवशी सकाळी तांदूळ पाण्यात घाला.